दुरून काम करणाऱ्याचा रोजमेळ

व्यापारी आणि कारागीर बांधवांना रोजमेळ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. दुकान वाढवण्यापूर्वी गल्ला मोजायचा, आलेले-गेलेले लिहायचे आणि शिल्लक जुळेपर्यंत उठायचे नाही. पैशाच्या बाबतीत हे आम्ही तरुणपणापासून करीत आलो. मात्र दिवसभरात आपण लोकांशी काय बोललो, काय ऐकले आणि काय ऐकूनही सोडून दिले, याचाही रोजमेळ ठेवता येतो हे पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि तेही एका संगणकवाल्या तरुणाकडून.

कोथरूडच्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहतो. आम्हाला चाचा म्हणतो. पूर्वी रोज सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हापासून घरूनच काम करतो. त्याचा हुद्दा 'अजाईल कोच'. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो, शब्द काही उलगडेना. म्हणून सरळ विचारले, "बेटा, तू नेमके करतोस काय?" तो हसून म्हणाला, "चाचा, मी प्रोग्रॅम लिहीत नाही आणि कोणाचा साहेबही नाही. जे लिहितात त्यांना आपले काम आपणच तपासायची सवय लावतो." आमच्या धंद्याच्या भाषेत, स्वतः माग न चालवणारा उस्ताद.

ही पद्धत फार जुनी नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. मोठा आराखडा आधी आखून त्यालाच चिकटून बसण्यापेक्षा थोडे काम करावे, गिऱ्हाइकाला दाखवावे आणि बदल करीत पुढे जावे, हा त्याचा मथितार्थ. सोबत बारा तत्त्वे आहेत. त्यातले शेवटचे असे की, ठराविक काळाने सर्वांनी बसून आपण काम कसे केले ते पाहावे आणि त्याप्रमाणे आपली वागणूक सुधारावी. परंतु त्याच बारांमध्ये हेही लिहिले आहे की, एकमेकांना गोष्ट कळवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणे. आता आमचा शेजारी बसतो कोथरूडमध्ये, त्याची माणसे बंगळूरला आणि जर्मनीत. समोरासमोर येणार कसे?

यात काय बिघडते हे कापडवाल्याला मागावरून लवकर समजेल. मोटारी बनवणारी टोयोटा कंपनी मुळात मागांच्या कारखान्यातून निघाली. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग ताण्याचा एक धागा तुटला तरी आपोआप थांबत असे. खोट कापडात उतरण्याआधी काम थांबवायचे, हा विचार तिथून मोटारींच्या कारखान्यात गेला आणि पुढे संगणकवाल्यांनीही त्यातून बरेच घेतले. एका खोलीत बसलेल्या माणसांमध्ये असा धागा तुटला की दिसतो. कोणाचा चेहरा उतरतो, कोणी खुर्ची मागे सरकवतो. पडद्यावर सर्वांचे कॅमेरे बंद असले की धागा तुटतो आणि माग चालूच राहतो.

म्हणून या तरुणाने स्वतःला थांबवण्याची सोय केली आहे. पूर्वी हिंजवडीहून परतताना बसमध्ये तासभर डोक्यात दिवस फिरायचा. घरून काम सुरू झाले आणि तो तास गेला. त्याच्या जागी तो आता संध्याकाळी म्हातोबा टेकडीवर जातो आणि परतल्यावर पंधरा मिनिटे वही लिहितो. संगणकात नाही, साध्या कागदाच्या वहीत. (हे आम्हाला फार आवडले.) पानाच्या एका बाजूला प्रत्यक्ष जे घडले ते, दुसऱ्या बाजूला त्याचा आपण लावलेला अर्थ. 'अमुक माणूस बैठकीत काही बोलला नाही' हे घडलेले. 'त्याला कामात रस नाही' हा आपला तर्क. या दोन रकान्यांची सरमिसळ करायची नाही, एवढाच त्याचा नियम. दर आठवड्याला त्याच्यासारखेच काम करणाऱ्या एका मित्राला तो त्यातले एखादे पान वाचून दाखवतो. मित्राने सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

या वहीतूनच त्याला स्वतःचा एक दोष सापडला. प्रश्न विचारल्यावर समोरची शांतता त्याला सहन होत नसे आणि उत्तर तो स्वतःच देऊन टाकी. एका बैठकीत असे किती वेळा झाले ते त्याने मोजून लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आकडा नऊ होता. आता तो प्रश्न विचारून मनात वीसपर्यंत मोजतो.

आपल्याकडे या सवयीला मुहासबा म्हणतात. हिशेब आणि मुहासबा एकाच धातूपासून आलेले शब्द. बसऱ्यात जन्मलेले आणि इ. स. ८५७ मध्ये बगदादला वारलेले हारिस हे तर याच सवयीमुळे 'अल-मुहासिबी' म्हणून ओळखले गेले. शब्द आमच्या घरातला होता, वही मात्र शेजाऱ्याच्या घरात निघाली.

आता आमची गोष्ट. मालेगावचा एक विणकर अकरा वर्षे आमच्यासाठी कापड विणत होता. टाळेबंदीनंतर आम्ही मालेगावला जाणे बंद केले. सौदा, नमुना, दर, सगळे मोबाईलवर. आधी तो लांबलचक बोलायचा. मग उत्तरे छोटी झाली, शेवटी नुसते "जी सेठ". आम्ही त्याला होकार समजलो आणि मजुरी दोनदा कमी केली. एका लग्नात तिसऱ्याच माणसाकडून कळले की त्याने आपले चार माग भंगारात विकले. आम्हाला एका शब्दाने बोलला नव्हता, आणि आम्हीही विचारले नव्हते.

त्यानंतर आम्ही वही घातली. डावीकडे 'जी सेठ म्हणाला', उजवीकडे 'राजी आहे'. पहिलेच पान लिहिताना हात अडला. त्याच आठवड्यात त्याला फोन केला, दराचे नाव काढले नाही, घरचे कसे आहेत एवढेच विचारले आणि वीसपर्यंत मोजले. अठरावर तो बोलायला लागला आणि पाऊण तास बोलत होता. माग परत येणार नाहीत. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. त्याच्या थोरल्या मुलाला आमच्याकडे कापड तपासणीच्या कामावर ठेवायचे ठरले आहे. पगार किती, ते त्या पोराने आधी सांगायचे आहे.