सुवर्ण नियंत्रणापासून हॉलमार्कपर्यंत : छोट्या सराफाचा अनुभव

शासनाचा नियम राजपत्रात सर्वांसाठी एकाच भाषेत छापला जातो. मात्र मोठ्या पेढीवर आणि एका ऐरणीच्या दुकानावर त्याचा भार सारखा पडतोच असे नाही. सोनारकामाचा व्यवसाय या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण साठ वर्षांत त्याने दोन अगदी वेगळ्या प्रकारचे नियमन पाहिले.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि चोरट्या आयातीला आळा घालणे निकडीचे झाले. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण जारी झाले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई करण्यात आली. हेतू राष्ट्रहिताचा होता, यात संशय नाही. परंतु बावीस कॅरटमध्ये शंभर भागांत जवळजवळ ब्याण्णव भाग सोने असते, तर चौदा कॅरटमध्ये अठ्ठावन्नच. असा धातू कठीण होतो, त्याचा रंग उतरतो, आणि मऊ सोन्यावर बसलेला कारागिराचा हात त्यावर सहज चालत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या फिक्या सोन्याच्या घेण्यास गिऱ्हाईकही राजी नव्हते. भांडवलदार सराफ थांबू शकला. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या कारागिराची भट्टी मात्र विझली. काहींनी आत्महत्या केल्या. शासनाने कर्जे, मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य असे उपाय योजले. तथापि फुंकणी आणि चिमट्याखेरीज दुसरे काही हाती न धरलेल्या मध्यमवयीन माणसाला नवा धंदा शिकविणे कर्ज मंजूर करण्याइतके सोपे नसते. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट उठली.

पुढे १९६८ चा सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम आला. परवाना देताना 'अर्जदाराची योग्यता' किंवा 'सार्वजनिक हित' पाहावे, अशा त्यातील काही संदिग्ध तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. अर्थ स्पष्ट नसलेला शब्द अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव देतो, आणि ती मर्जी सांभाळण्याची ऐपत छोट्या व्यावसायिकापाशी क्वचितच असते. चोरटी आयात तर थांबली नाहीच. अखेर १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना, हा अधिनियम रद्द करण्यात आला.

आजचे हॉलमार्क नियमन निराळे आहे. कोणत्या शुद्धतेचा दागिना किती घडवावा यावर ते मर्यादा घालीत नाही. ठरविलेल्या श्रेणींपैकी जी सांगितली ती खरी असावी, एवढेच मागते. १६ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या ओळखचिन्हाविना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाईकाचे यात निःसंशय हित आहे.

तरीही हिशेब पाहावा. २०२२ मध्ये ठरलेले शुल्क नगामागे ४५ रुपये, परंतु एका खेपेस किमान २०० रुपये, कर वेगळा. पन्नास नग पाठविणाऱ्यास प्रत्येकी ४५ रुपये पडतात. एकच अंगठी घेऊन जाणाऱ्यास २०० रुपये, शिवाय केंद्रापर्यंतचे जाणे-येणे आणि बुडालेला दिवस. पाच नग साठवून एकदम न्यावेत तर खर्च २२५ रुपयांवर येतो, पण तोवर गिऱ्हाईक थांबले पाहिजे!

वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या सराफांना सक्तीतून सूट देण्यात आली, ती याच अडचणीवर उतारा म्हणून. २०२१ मध्ये दहा ग्रॅमचा दर पन्नास हजारांच्या आसपास होता; तेव्हा ४० लाख म्हणजे वर्षाला सुमारे ८०० ग्रॅम सोने. २०२५ मध्ये दराने लाखाचा टप्पा ओलांडला आणि तेच ४० लाख ४०० ग्रॅमच्याही खाली आले. म्हणजे धंदा तसूभरही न वाढता छोटा सराफ सक्तीच्या कक्षेत येतो. ही मर्यादा रुपयांऐवजी वजनात का नसावी, हा प्रश्न संबंधितांनी विचारात घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या सराफासाठी केवळ मजुरीने दागिने घडविणाऱ्या आणि स्वतः विक्री न करणाऱ्या कारागिरास नोंदणीची आवश्यकता नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.