चित्रासाठी शब्द : प्रॉम्प्ट लेखनाचा पहिला पाठ

शाखेचा सूचनाफलक, ग्राहक मेळाव्याची निमंत्रणपत्रिका किंवा एखाद्या घरगुती उद्योगाची जाहिरात यांसाठी चित्र हवे असल्यास पूर्वी चित्रकाराकडे जावे लागे, अथवा जुन्या संग्रहातून मिळतेजुळते चित्र शोधावे लागे. २०२२ साली डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही साधने पाठोपाठ पुढे आली आणि शब्दांत वर्णन लिहून अल्पावधीत चित्र मिळवणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. यंत्राला दिल्या जाणाऱ्या या लेखी वर्णनास ‘प्रॉम्प्ट’ असे म्हणतात. प्रॉम्प्ट लिहिण्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान आवश्यक नाही. आवश्यक असते ती नेमके पाहण्याची आणि नेमके सांगण्याची सवय. ही सवय कशी लावून घ्यावी, याचा विचार येथे महिला बचत गटाच्या एका चित्राच्या आधारे केला आहे.

यंत्र चित्र कसे तयार करते?

चित्रे आणि त्यांच्याशी जोडलेला मजकूर यांच्या प्रचंड संग्रहावरून या साधनांना शिकवलेले असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लायन-५बी’ या संग्रहात चित्र व मजकूर यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी जोड्यांचा मजकूर एकट्या इंग्रजीत होता. जगातील इतर सर्व भाषांना उरलेल्या भागातच जागा मिळाली. कोणत्या शब्दाबरोबर कोणते आकार, रंग आणि मांडणी येते, याचे ठोकताळे यंत्र अशा संग्रहातून बांधते.

डिफ्यूजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत यंत्र कोऱ्या कागदापासून आरंभ करत नाही. रंगीत ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून ते सुरुवात करते आणि प्रॉम्प्टमधील शब्दांच्या आधाराने टप्प्याटप्प्याने तो गोंधळ दूर करत नेते. आरंभीचा गोंधळ दर वेळी वेगळा असल्यामुळे एकच प्रॉम्प्ट दोनदा दिला तरी दोन निराळी चित्रे मिळतात. त्यामुळे पहिले चित्र मनासारखे आले नाही, म्हणजे प्रॉम्प्ट चुकला असे लगेच मानू नये. त्याच शब्दांवर तीन-चार चित्रे काढून पाहावीत. जी उणीव सर्व चित्रांत दिसते, तिचे मूळ बहुधा प्रॉम्प्टमध्ये असते.

जे सांगितले नाही, ते कोण ठरवते?

प्रॉम्प्टमध्ये न सांगितलेल्या जागा यंत्र रिकाम्या ठेवत नाही. संग्रहात जे वारंवार आढळले, त्याने ते त्या जागा भरते. घड्याळाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवलेले असतात. परिणामी साडेतीनची वेळ स्पष्टपणे मागितली, तरी अनेक साधनांनी दहा वाजून दहा मिनिटेच दाखवल्याचे आढळून आले.

घड्याळाच्या बाबतीत ही गंमत ठरते. माणसांच्या बाबतीत मात्र ती गंमत राहत नाही. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२३ साली स्टेबल डिफ्यूजनकडून निरनिराळ्या व्यवसायांची हजारो चित्रे काढवून घेऊन तपासली. ‘न्यायाधीश’ या शब्दावर मिळालेल्या चित्रांत स्त्रिया सुमारे ३ टक्के होत्या. अमेरिकेतील प्रत्यक्ष न्यायाधीशांत स्त्रियांचे प्रमाण ३४ टक्के होते. यंत्राने येथे कोणाचाही मुद्दाम अवमान केला नाही. विचारणाऱ्याने जे मोकळे सोडले, ते त्याने आपल्या सवयीने भरले, इतकेच. सुटलेल्या शब्दाची किंमत चित्रातून वगळल्या गेलेल्या माणसांना मोजावी लागते, हे यावरून ध्यानात येते.

सहा प्रश्न

नवशिक्याने प्रॉम्प्ट लिहिण्यापूर्वी पुढील सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

१. कोण? व्यक्ती किती, कोणत्या वयाच्या, कोणत्या पेहरावातील?
२. काय करत आहेत? डोळ्यांना दिसेल अशी कृती कोणती?
३. कोठे? प्रदेश, इमारत, जमीन, आजूबाजूच्या वस्तू कोणत्या?
४. केव्हा? दिवसाची वेळ, ऋतू आणि प्रकाश कसा?
५. कोठून? दृश्य जवळून पाहिलेले आहे की दुरून, समोरून की वरून?
६. कशा स्वरूपात? छायाचित्रासारखे, जलरंगात, रेखाचित्र की सपाट रंगांचे भित्तिपत्रक?

प्रत्येक उत्तर ‘डोळ्यांना दिसेल’ असे असावे, ही यातील मुख्य अट आहे. ‘प्रगती’, ‘सक्षमीकरण’, ‘विश्वास’ हे शब्द अहवालात शोभून दिसतात. परंतु त्यांना आकार नाही. ‘सक्षम महिला’ असे लिहिण्याऐवजी ‘नोंदवहीत आकडे लिहिणारी महिला’ असे लिहिले, तर यंत्राला काढण्याजोगे काहीतरी मिळते आणि पाहणाऱ्यालाही अर्थ कळतो.

एक चित्र, तीन पायऱ्या

बचत गट आणि बँक यांचे नाते जुने आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि पुढे हा कार्यक्रम देशभर पसरला. अशा गटांच्या मेळाव्यासाठी एक भित्तिपत्रक करायचे आहे, असे समजू.

पहिली पायरी : ‘बचत गटाची बैठक’. हे तीन शब्द बँकेच्या कर्मचाऱ्याला पुरेसे आहेत, कारण उरलेले चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असते. यंत्रासमोर ते नसते. ‘बैठक’ या शब्दावरून ते मेज-खुर्च्या मांडून कोट घातलेली माणसेही बसवू शकते.

दुसरी पायरी : ‘गावातील महिला बचत गटाची बैठक. दहा महिला जमिनीवर गोल करून बसल्या आहेत.’ आता व्यक्ती, संख्या आणि मांडणी ठरली. तरीही दहाही महिला एकाच वयाच्या, एकाच उजळ वर्णाच्या आणि कोऱ्या करकरीत रेशमी साड्या नेसलेल्या येण्याचा संभव राहतो.

तिसरी पायरी : ‘महाराष्ट्रातील एका गावात अंगणवाडीच्या ओसरीवर महिला बचत गटाची बैठक. विशीपासून सत्तरीपर्यंतच्या सुमारे दहा सावळ्या महिला जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीवर गोल करून बसल्या आहेत. बहुतेकींच्या अंगावर रोजच्या वापरातील सुती साड्या, दोघींच्या अंगावर सलवार-कमीज. एक प्रौढ महिला मांडीवर नोंदवही घेऊन लिहीत आहे; शेजारी बसलेली तरुणी वहीतील ओळीवर बोट ठेवून तिला काही दाखवत आहे. समोर लहान लोखंडी पेटी. डावीकडून येणारे सायंकाळचे ऊन. दृश्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून दिसते. जलरंगातील साधे चित्र. वरचा एक तृतीयांश भाग मजकुरासाठी मोकळा.’

या प्रॉम्प्टमध्ये एकही अवघड पारिभाषिक शब्द नाही. सहा प्रश्नांची उत्तरे आणि मजकुरासाठी राखलेली जागा, एवढेच त्यात आहे. आता लिहिणारी महिला, तिला मदत करणारी तरुणी आणि ऐकणाऱ्या इतर सदस्या यांतून गटाचे काम दिसू लागते. भित्तिपत्रकासमोर उभ्या राहणाऱ्या सत्तरीच्या सदस्येलाही त्यात स्वतःसाठी जागा सापडते.

हेच भित्तिपत्रक केरळमधील शाखेसाठी करायचे झाल्यास केवळ राज्याचे नाव बदलून भागणार नाही. तेथील कुडुंबश्री या १९९८ पासूनच्या उपक्रमातील शेजारगटाची बैठक दाखवायची, तर घराचे उतरते कौलारू छप्पर, अंगणातील नारळाची झाडे आणि पेहरावही सांगावा लागेल. देशभर विखुरलेल्या शाखांनी एकच चित्र सर्वत्र वापरण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

नाव पुरेसे नसेल तेथे रूप सांगावे

अलीकडची बरीच साधने मराठीतील प्रॉम्प्ट स्वीकारतात. मात्र मराठी वाक्य समजणे आणि मराठी वस्तू ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘नऊवारी’ म्हटल्यावर यंत्र साधी गोल साडी काढू शकते. अशा वेळी ‘कासोटा मागे खोचून, धोतरासारखी दोन पायांत विभागून नेसलेली लांब साडी’ असे रूपवर्णन करावे. पासबुक, सूप, पाटा-वरवंटा, तुळशीवृंदावन अशा प्रत्येक शब्दाच्या बाबतीत हाच उपाय करावा. वस्तूचे नाव प्रथम लिहावे. चित्र चुकल्यास आकार, द्रव्य, रंग आणि वापर यांचे वर्णन त्याला जोडावे.

नेहमी होणाऱ्या चुका

नकारार्थी सूचना : ‘खुर्च्या नकोत’ असे लिहिले, की ‘खुर्च्या’ हा शब्द यंत्रापुढे जातो आणि काही वेळा नेमक्या खुर्च्याच चित्रात येतात. त्याऐवजी ‘सर्वजणी जमिनीवर बसल्या आहेत’ असे होकारार्थी सांगावे. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तेथे तो वापरावा.

विशेषणांची गर्दी : ‘अतिशय सुंदर, भव्य, अप्रतिम’ या शब्दांनी चित्र नेमके होत नाही. एका विशेषणाच्या जागी एक वस्तू लिहिणे अधिक उपयुक्त ठरते.

चित्रातील अक्षरे : देवनागरी जोडाक्षरे व मात्रा चित्रात बिघडण्याचा संभव असतो. व्याजदर, दिनांक, योजनेचे नाव असा मजकूर यंत्राकडून लिहून घेऊ नये. त्यासाठी मोकळी जागा ठेवून मजकूर नंतर स्वतंत्रपणे बसवावा. बँकेचे बोधचिन्हही मूळ स्वरूपातीलच लावावे.

एकाच वेळी अनेक बदल : चित्र सुधारताना एका वेळी एकच बदल करावा. प्रकाश, पेहराव आणि स्थळ एकदम बदलल्यास कोणत्या शब्दाने काय घडले, हे कळत नाही. प्रत्येक प्रॉम्प्ट क्रमांक घालून वहीत नोंदवून ठेवल्यास शिकणे सोपे जाते.

बँकेच्या संदर्भातील पथ्ये

चित्र तयार करणे सोपे झाले, तसे चित्रावर विश्वास ठेवणे अवघड झाले आहे. बँकेचा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. त्यामुळे कर्मचारी आणि ग्राहक या दोघांनीही काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष झालेल्या मेळाव्याच्या वृत्तान्तात यंत्राने काढलेले चित्र छायाचित्र म्हणून छापू नये. कार्यक्रमाला न आलेली माणसे आली असे दाखवणे, हे कागदावरील खोट्या नोंदीपेक्षा वेगळे नाही. वरील उदाहरणात जलरंगाची शैली निवडण्याचे कारणही हेच आहे. ते चित्र पाहून कोणालाही ते छायाचित्र वाटणार नाही. चित्राखाली ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले चित्र’ अशी ओळ छापल्यास शंकेला वाव राहत नाही.

ग्राहकांची छायाचित्रे, सह्या, धनादेश, पॅन अथवा आधार यांच्या प्रती अशा साधनांवर चढवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आहे. पण कायद्याच्याही आधी हा ग्राहकाने टाकलेल्या विश्वासाचा प्रश्न आहे.

चलनी नोटांसारखी दिसणारी चित्रे काढून घेण्याचा मोह टाळावा. नोटेशी साधर्म्य असलेला कागद तयार करणे वा वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. बचत दाखवण्यासाठी पेटी, मातीचा गल्ला किंवा नोंदवही यांचा उपयोग करता येतो.

ग्राहकांनी हेही लक्षात ठेवावे, की जे साधन भित्तिपत्रकासाठी उपयोगी पडते, तेच फसवणूक करणाऱ्याच्याही हाती असते. समाजमाध्यमातून आलेले पैसे जमा झाल्याच्या संदेशाचे चित्र, ओळखपत्राचे चित्र किंवा परिचिताचा अडचणीतील फोटो यांवर विसंबून व्यवहार करू नये. खात्यातील नोंद स्वतः तपासावी आणि संबंधित व्यक्तीला तिच्या नेहमीच्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी.

सरावासाठी

१. आपल्या शाखेच्या प्रवेशद्वाराचे वर्णन सहा प्रश्नांच्या क्रमाने लिहावे आणि शाखा न पाहिलेल्या व्यक्तीला वाचून दाखवावे. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न ही प्रॉम्प्टमधील एक सुटलेली जागा समजावी.

२. ‘शेतकरी’ या एकाच शब्दावर चार चित्रे काढावीत. वय, लिंग, पेहराव, पीक आणि शेतीची साधने यांबाबत यंत्राने काय गृहीत धरले, याची यादी करावी. नंतर आपल्या परिचयातील एखाद्या शेतकरी महिलेच्या कामाचे वर्णन लिहून फरक पाहावा.

३. ‘सुरक्षित निवृत्ती’ ही कल्पना एकही अमूर्त शब्द न वापरता चाळीस शब्दांत लिहावी.

या तीनही अभ्यासांसाठी अर्धा तास पुरतो. पहिल्या अभ्यासासाठी तर संगणकही लागत नाही. वही आणि ऐकणारी एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे.