आत्याचा वाटा आणि सर्वोच्च न्यायालय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही सरकारी कागद आला की तो माझ्यापुढे ठेवला जातो. गेल्या दिवाळीत वडिलांनी असाच एक कागद वाचायला दिला. ते हक्कसोडपत्र होते. भाऊबीजेला आत्या येणार, तेव्हा तिला तालुक्याला नेऊन सही घ्यायची, असा वडिलांचा व काकांचा विचार होता.

त्याच सुमारास आम्हाला संविधानाचे कलम १४१ शिकवून झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते आमच्या नऊ एकरांपर्यंत येऊन पोहोचेल असे मात्र वाटले नव्हते.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मतः हक्क असे तो मुलग्यांचा. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. आत्याचे लग्न १९९० चे. तिची गाडी चार वर्षांनी चुकली! पुढे संसदेने दुरुस्ती केली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित असो वा अविवाहित, मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली.

पण बाप त्याआधीच वारला असेल तर? आमचे आजोबा १९९९ साली गेले, आजी त्याच्याही आधी. कायद्याच्या शब्दांत याचे सरळ उत्तर नव्हते, ते न्यायालयाला द्यावे लागले. आणि तेही एकदम मिळाले नाही. २०१५ साली 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी सांगितले की, त्या तारखेला बाप हयात हवा. २०१८ साली 'दानम्मा विरुद्ध अमर' मध्ये दुसऱ्या दोघांनी, बाप २००१ साली वारलेला असूनही, मुलींना वाटा दिला. आता खालच्या न्यायाधीशाने कोणाचे ऐकावे? शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: हक्क जन्माने येतो, म्हणून बाप हयात असण्याची अट नाही.

मी वहीवर हिशेब मांडला. जुन्या रीतीने आजोबा, वडील व काका असे तीन वाटे. आजोबांच्या तीन एकरांतला तिसरा भाग, म्हणजे एक एकर, आत्याचा. नव्या रीतीने मूळ वाटे चार; आजोबांचा चौथा वाटा तिघांत वाटला की आत्याला तीन एकर. कायद्याचे शब्द तेच, पण एका निकालाने एकाचे तीन झाले.

२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी झाली असती तर ती मोडता आली नसती. आमच्याकडे नुसती सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे चढली होती. वडिलांना वाटे, नाव लागले म्हणजे मालकी झाली. पण ती नोंद महसुलासाठी. तिने मालकी ठरत नाही.

वडिलांची बाजूही सांगितली पाहिजे. आत्याच्या लग्नाचे कर्ज त्यांनी आठ वर्षे फेडले. मी वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, "तुला यासाठीच शिकवलं का?" मला उत्तर देता आले नाही. तीन एकर गेले तर माझी पुढची फीसुद्धा अवघड आहे, हे मलाही कळत होते.

तरी भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर मी आत्याला तो कागद वाचून दाखवला. आत्याची सही चालते, पण वाचता येते जेमतेम. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मी सही केली नाही, तर पुढच्या दिवाळीला मला बोलावतील ना गं?"

याचे उत्तर त्या निकालात नव्हते. वडील दारातच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. तो अजून तिथेच आहे, बिनसहीचा.