जॉब कार्ड छापून घेताय? आधी हा हिशेब करा

स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारं जॉब कार्डचं पुस्तक खरं तर कुणाच्याच कामाचं नसतं. दुचाकीचं गॅरेज असो, ट्रकचं वर्कशॉप असो की फक्त गाडीचा एसी दुरुस्त करणारा, सगळ्यांना तोच कागद. मग निम्मे रकाने कोरे राहतात आणि जे लिहायलाच हवं ते मेकॅनिक कार्डाच्या पाठीवर, नाहीतर तळहातावर लिहितो. आपल्या कामाप्रमाणे कार्ड बनवून घ्या. ते फार महागही नाही.

दिवसाला आठ गाड्या आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २०८ कार्डं लागतात. एक प्रत मेकॅनिकला, एक गाडीमालकाला, म्हणजे ४१६ कागद. दोन रुपयांनी झेरॉक्स धरली तर महिन्याला ८३२ रुपये. डीटीपीवाला एका पानाची मांडणी अंदाजे ३०० ते ६०० रुपयांत करून देतो. नंबर घातलेलं, कार्बनलेस कागदाचं ५० जोड्यांचं ए-फोर पुस्तक साधारण १५० ते ३०० रुपयांना पडतं. दर गावागणिक बदलतात, म्हणून दोन-तीन छापखान्यांत विचारा. एकदम दहा पुस्तकं घेतली की दर उतरतो. आकार लहान करून पैसे वाचवू नका, ग्रीसच्या हातांना मोठा रकानाच लागतो.

खरा खर्च भरायच्या वेळेचा आहे. एका कार्डाला सहा मिनिटं लागली तर आठ गाड्यांना ४८ मिनिटं, म्हणजे महिन्याला जवळजवळ २१ तास. एका गॅरेजात मी इंग्रजीतलं साठ कलमांचं तपासणी कार्ड पाहिलं. मुलांनी वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत बरोबरच्या खुणा ओढल्या होत्या. अशा कार्डावर गाडीमालकाने काय म्हणून विश्वास ठेवायचा?

कलमं थोडी ठेवा, पण जिथे मोजता येतं तिथे खुणेऐवजी आकडा मागा. ‘ब्रेक ठीक’ यापेक्षा ‘पॅड ४ मिमी’ हे कितीतरी उपयोगी. चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदलायचा, ही मर्यादा रकान्यातच बारीक अक्षरात छापा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, तेही तिथेच द्या. मेकॅनिकला आठवावं लागत नाही आणि गिऱ्हाइकालाही कळतं.

सगळ्यात मोठी जागा तक्रारीला द्या आणि ती गाडीमालकाच्याच शब्दांत लिहा. ‘ब्रेक काम’ असं लिहिलं की मेकॅनिक अंदाजाने पॅड बदलतो. ‘सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की चीं आवाज, नंतर नाही’ असं लिहिलं तर तो आधी रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर धरलेला गंज बघेल. किलोमीटर, इंधनाचा काटा आणि आधीचे ओरखडे दाखवायला गाडीची रेखाकृती, एवढं वरच्या पट्टीत बसतं. खाली एक रकाना वाढीव कामाचा: काय, किती रुपये, कुणी किती वाजता होकार दिला. बिल देताना होणारी बहुतेक भांडणं याच रकान्याअभावी होतात.

सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवा, पण कराचा दर छापू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. ज्यांनी कार्डावर २८ टक्के छापून ठेवले होते त्यांची पुस्तकं वाया गेली. आणि कार्ड म्हणजे बिल नव्हे. सेवा दिल्यावर बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मोबाइल ॲप घ्यायचं असेल तर मासिक भाडं माणशी आहे की गॅरेजमागे, रकाने स्वतः बदलता येतात की दर वेळी पैसे मोजावे लागतात, मराठी चालतं का, आणि ॲप सोडताना आपल्या गिऱ्हाइकांच्या नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतात का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर ते ॲप घेऊ नका.

पहिला महिना झेरॉक्सवरच काढा. महिन्याअखेरीस भरलेली शंभर कार्डं मेकॅनिकसोबत बसून चाळा, जो रकाना सतत कोरा दिसेल तो काढून टाका, आणि मगच छापखान्यात जा.