ड जीवनसत्त्व आणि विषाणुजन्य श्वसनविकार

भोर-वेल्ह्याच्या मावळ खोऱ्यांत पावसाळ्यात अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही. ज्वर-कासाचे रुग्णही तेव्हाच वाढतात. म्हणून ड जीवनसत्त्वाची न्यूनता हेच कारण, असे मानणे आम्हांस घाईचे वाटते. रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमहून कमी असलेल्या कोविड रुग्णांत गंभीरता अधिक आढळली खरी. परंतु वार्धक्य व स्थौल्य यांतही हे प्रमाण घटलेले असते. ब्राझीलमधील चाचणीत (२०२१) रुग्णालयातील कोविड रुग्णांना २ लाख एककांची एक मात्रा देऊनही त्यांचे तेथील वास्तव्य घटले नाही. सिद्ध न्यूनता अस्थिबलासाठी अवश्य भरून काढावी. मात्र ‘प्रतिकारशक्तीसाठी’ ६० हजार एककांच्या पुड्या औषधविक्रेत्यांनी परस्पर देऊ नयेत. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून छर्दी, तृष्णा, मलावरोध व वृक्कविकार संभवतात. श्वासकष्ट दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.