एक पोतं, तीन नोंदी

डिसेंबर उजाडला की जबलपूरभोवतीच्या पाटण, शहपुरा, सिहोरा पट्ट्यात मटारशिवाय दुसरा विषय नसतो. अशाच एका हंगामात पाटण रस्त्यावरच्या एका पॅकिंग शेडच्या मालकाने मला बोलावून घेतलं. कन्व्हेअरच्या पट्ट्यावरून ट्रकमध्ये जाणारी पोती मोजायला त्याने नवा डिजिटल काउंटर बसवून घेतला होता. काउंटर दाखवायचा तेवढी पोती पुढच्या मंडीत उतरत नव्हती, आणि फरक रोज वेगळा निघायचा. मालकाने सरळ हिशेब लावला, पोती वाटेत गायब होताहेत. संशय हमालांवर गेला, त्यांची मजुरी अडकली. "मशीन झूठ थोड़े बोलेगी," हे वाक्य मी शेडमध्ये शिरता शिरताच ऐकलं.

मी पट्टा थांबवायला लावला आणि पोतं घासून गेलं की काउंटरला खबर देणाऱ्या लिमिट स्विचचा रोलर बोटाने दाबला. आकडा एकाने वाढला. पुन्हा दाबला, दोनाने वाढला. जरा रेंगाळत दाबला तर एकदम तीनने. हमालांचा मुकादम माझ्या खांद्यामागून आकडे बघत होता. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. मालकाची खात्री पटावी म्हणून मग ऑसिलोस्कोप लावला. शून्यावरून 24 व्होल्टवर जाणारी एक सरळ पायरी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात पायरीच्या तोंडाशी उभ्या रेघांचा झुबका होता. स्विच जुळला, सुटला, पुन्हा जुळला, पुन्हा सुटला, आणि मग कुठे स्थिरावला. हे सगळं चार-पाच मिलिसेकंदांत आटोपलं होतं. काउंटरने मात्र त्यातली प्रत्येक हालचाल इमानाने टिपली होती.

यालाच आम्ही कॉन्टॅक्ट बाउन्स म्हणतो. स्विच असो की रिले, आत लवचीक पट्टीवर बसवलेली एक धातूची टिकली दुसऱ्या टिकलीवर आदळते. फरशीवर टाकलेली गोटी जशी उड्या घेत घेत शांत होते, तशी ही टिकलीही शांत व्हायला वेळ घेते. यात बिघाड काहीच नाही. नवाकोरा, महागडा, नामांकित कंपनीचा स्विचही हेच करतो. जॅक गॅन्सल या अमेरिकन अभियंत्याने 18 तऱ्हांचे स्विच प्रत्येकी 300 वेळा दाबून मोजमाप केलं होतं. दोन अपवाद सोडले तर सरासरी बाउन्स साधारण दीड मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त 6.2 मिलिसेकंद निघाला. त्या अपवादांपैकी एक पठ्ठ्या मात्र 157 मिलिसेकंद थरथरत राहिला. म्हणजे स्विच निव्वळ बघून त्याचा स्वभाव कळत नाही, तो मोजावाच लागतो.

मग जुन्या काउंटरच्या वेळी हे का झालं नाही? मालकाचा हा प्रश्न रास्त होता. जुना काउंटर विजेच्या चुंबकाचा होता, दर पोत्याला टक्क करून आकड्यांची चक्री ढकलणारा. त्याचं चुंबक, त्याची खिटी हेच इतकं जड की चार-पाच मिलिसेकंदांची थरथर त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. नवा काउंटर सेकंदाला हजारो नोंदी घेऊ शकणारा होता. स्विच तोच, बाउन्सही तोच, फक्त बघणाऱ्याची नजर तीक्ष्ण झाली होती.

आमच्या पिढीने हे संक्रमण डोळ्यांनी पाहिलं आहे. जबलपूरच्या रिज रोडवर 1942 सालापासून दूरसंचार प्रशिक्षण केंद्र आहे. आज ते भीमराव आंबेडकरांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे स्ट्रोजर टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेंवर आमचे हात बसले. हातात टेन्शन गेज आणि फीलर गेज घेऊन पट्टीचा ताण ग्रॅममध्ये आणि फट मिलच्या हिशेबात लावायची. 3000 टाइप रिलेच्या पट्टीचं टोक चिरून तिला दोन टिकल्या दिलेल्या असत. एक उडाली किंवा एकीखाली धूळ आली तरी दुसरी जुळलेली राहावी, हा त्यामागचा हेतू. टेलिफोनची डायल सेकंदाला 10 ठोके पाठवायची, म्हणजे एका ठोक्याला 100 मिलिसेकंद. सिलेक्टरमधला 'ए' रिले त्या ठोक्यांबरोबर नाचायचा. शेजारच्या 'बी' रिलेच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलेलं असायचं. त्यामुळे तो उशिरा सुटायचा आणि ठोक्यांच्या मधल्या अंतरात लाइन धरून ठेवायचा. कुठे चपळ राहायचं आणि कुठे मुद्दाम मंद राहायचं, हे त्या यंत्रणेच्या रचनेतच ठरलेलं होतं. इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर मंदपणा आपोआप मिळेनासा झाला. आता तो ठरवून द्यावा लागतो, आणि तेच नेमकं राहून जातं.

शेडचा इलाज पाच मिनिटांचा निघाला. अशा काउंटरवर मोजणीचा वेग निवडायची सोय असते, 30 हर्ट्झ किंवा काही किलोहर्ट्झ. पॅनेल बसवणाऱ्याने जास्त म्हणजे चांगलं असं धरून मोठा आकडा ठेवला होता. तो 30 वर आणला. 30 हर्ट्झवर सिग्नल साधारण 17 मिलिसेकंद टिकला तरच काउंटर त्याची दखल घेतो. पोतं येणार दीड-दोन सेकंदांनी, त्यामुळे खरं पोतं सुटायची भीती नाही. तरी अधूनमधून एखादं पोतं दोनदा मोजलं जात होतं. बघितलं तर पोत्याचं सुटं तोंड रोलरला पुन्हा चाटून जात होतं. हा बाउन्स नव्हे. असला दुहेरी स्पर्श बाउन्सचं फिल्टर पकडणार नाही, कारण तो खराखुरा स्पर्श असतो. स्विच खाली घेतला, पोत्याची बूडबाजू त्याला लागेल असा, आणि हिशेब जुळला.

कशाचा इलाज करताय ते आधी ठरवा

या व्यवहारात मी बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी पाहिला आहे. कॉन्टॅक्ट दोन प्रकारची कामं करतात. एक, बातमी देणं: पोतं आलं, दार बंद झालं, टाकी भरली. दोन, भार वाहणं: मोटर, दिवे, हीटर चालू करणं. बाउन्स दोन्हीकडे होतो, पण पहिल्या ठिकाणी तो आकडे बिघडवतो आणि दुसऱ्या ठिकाणी पॉइंट, म्हणजे त्या टिकल्याच, जाळतो. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. प्रोग्राममध्ये कितीही थांबा घातला तरी कॉन्टॅक्टरच्या टिकल्यांमधला आर्क त्याने विझत नाही.

बातमी देणाऱ्या कॉन्टॅक्टसाठी पहिला नियम असा: थांब्याचा वेळ बाउन्सपेक्षा मोठा हवा आणि दोन खऱ्या घटनांमधल्या अंतरापेक्षा लहान हवा. साध्या बटणाला 20 ते 50 मिलिसेकंद पुष्कळ झाले. माणसाला तो उशीर जाणवतही नाही. पीएलसी असेल तर इनपुट फिल्टरचं सेटिंग बघा, आणि लिमिट स्विचची तार चुकून हाय-स्पीड इनपुटवर गेलेली नाही ना, हेही बघा. तिथलं फिल्टर फार छोटं असतं.

मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून सुटे भाग आणून प्रोजेक्ट करणारी कॉलेजची मुलं बटण थेट मायक्रोकंट्रोलरच्या इंटरप्टला जोडतात आणि मग प्रोग्राममध्ये भूत शोधत बसतात. त्यांना मी सांगतो, दर 5 मिलिसेकंदांनी बटण वाचा आणि लागोपाठ चार वाचनं सारखी आली तरच विश्वास ठेवा. प्रोग्राम नसेल तर 10 किलोओहमचा रेझिस्टर, 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढे 74एचसी14 सारखा श्मिट ट्रिगर लावा. हे 10 मिलिसेकंदांच्या घरातलं फिल्टर झालं. कपॅसिटर मात्र स्विचच्या टोकांवर सरळ लावू नका. दर दाबणीला तो टिकल्यांमधून एकदम रिकामा होतो आणि त्या खातो. मध्ये शंभरएक ओहम तरी ठेवा.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा: थांबवायची आज्ञा ताबडतोब माना, सुरू करायची आज्ञा खात्री करून माना. इमर्जन्सी स्टॉपच्या वाटेत प्रोग्रामचा थांबा घालून ठेवलेला मी पाहिला आहे. तसं कधीही करू नका. पहिल्या सुटण्यालाच यंत्र थांबलं पाहिजे, आणि बटण मागे आलं तरी रिसेट दिल्याशिवाय सुरू होता कामा नये.

हे शहाणपण रेल्वेकडे फार पूर्वीपासून आहे. 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपूरलाच आहे, त्यामुळे सिग्नल खात्यातली मंडळी इथे गल्लोगल्ली भेटतात. रूळ गंजलेले असले किंवा वरून जाणारं वाहन हलकं असलं की ट्रॅक सर्किटचा रिले क्षणभर पडतो, क्षणभर उचलतो. त्यांच्या बोलीत हे बॉबिंग. रिले पडला की रूळ व्यापलेला, हे तत्काळ मानलं जातं. पण तो उचलला म्हणून रूळ मोकळा झाला असं लगेच धरत नाहीत. त्यासाठी उशिरा उचलणारा रिले मध्ये असतो, क्यूएसपीए1 जातीचा. तो साधारण अर्धा सेकंद वाट पाहतो. शिवाय महत्त्वाच्या क्यू-मालिकेच्या रिलेंमध्ये धातूची टिकली कार्बनच्या टिकलीला भिडते, कारण धातू आणि कार्बन एकमेकांना वेल्ड होऊन चिकटत नाहीत.

पॉइंट चिकटतात तेव्हा

भार वाहणाऱ्या कॉन्टॅक्टचं दुखणं हेच चिकटणं. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि कपॅसिटर बँक तर त्याहून मोठा झटका मारतात. नेमक्या त्याच मिलिसेकंदांत टिकल्या उड्या घेत असतात. प्रत्येक उडीला आर्क पडतो, चांदीचा थर वितळतो आणि त्या वितळलेल्या थेंबावर टिकली शेवटची बसते. थंड झाली की जोड पक्का. मग बटण सोडलं तरी पंप बंद होत नाही. रिलेवर 10 अँपिअर लिहिलंय आणि आमचा भार तर 3 अँपिअरचाच, अशी तक्रार नेहमी येते. तो 10 चा आकडा बहुधा साध्या हीटरसारख्या भाराचा असतो. मोटर, दिवे, कपॅसिटर यांचे आकडे डेटाशीटमध्ये वेगळे दिलेले असतात, ते वाचा. कपॅसिटर बँकेला त्याच कामासाठी बनवलेला कॉन्टॅक्टर घ्या. त्यात मुख्य टिकल्यांच्या आधी रेझिस्टरमधून जुळणाऱ्या टिकल्या असतात.

डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड सगळेच लावतात, ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी. पण निव्वळ डायोड लावला की रिले रेंगाळत सुटतो, टिकल्या हळू दूर होतात आणि आर्क लांबतो. भार मोठा असेल तर डायोडच्या जोडीला झेनर लावा.

खेड्यातल्या पंपाचा स्टार्टर कटकटकट वाजत राहतो, ती गोष्ट आणखी वेगळी. तिथे सगळा कॉन्टॅक्टरच वरखाली होतो. सर्वसाधारण कॉन्टॅक्टर कॉइलच्या नेमून दिलेल्या व्होल्टेजच्या 85 टक्क्यांवर उचलायला बांधील असतो. पंप सुरू झाला की लांबच्या लाइनवर व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर सुटतो, भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा उचलतो. मिनिटभरात पॉइंट कोळसा होतात. नवा कॉन्टॅक्टर आणून हे थांबत नाही. अंडरव्होल्टेज रिले आणि पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटं थांबवणारा टायमर लावा. व्होल्टेज ठीक असूनही घरघर येत असेल तर कॉन्टॅक्टर उघडून चुंबकाच्या तोंडावरची धूळ पुसा आणि तिथलं तांब्याचं छोटं कडं तुटलं आहे का ते पाहा. टाकीचा फ्लोट पाण्याच्या लाटेवर पंप चालू-बंद करत असेल तर चालू आणि बंदच्या पातळ्या वेगळ्या ठेवा.

आणि चांदीच्या टिकल्या काळ्या पडल्या म्हणून त्यांवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका. तो काळेपणा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. घासण्याने चांदी मात्र जाते, टिकली खडबडीत होते आणि पुढच्या वेळी लवकर चिकटते.

बाउन्स सहसा कुणालाच टळत नाही. पाऱ्याने भिजवलेल्या टिकल्यांच्या रिलेंनी तो टाळला होता, पण पारा विषारी म्हणून ते आता बाजारातून जवळपास गेले. तेव्हा प्रत्येक स्विचसाठी किती वेळ थांबायचं, हे कुणीतरी ठरवलंच पाहिजे. ते ठरवा, आणि ठरवलेला आकडा कारणासकट कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या हंगामात काउंटर बदलायला येणारा मिस्त्री दुसरा असेल, आणि त्याला तो आकडा फक्त तिथेच सापडेल.