इन्सुलिनच्या पिशव्या

येरमाळ्याच्या वस्त्यांत साखर तपासताना आम्हाला हमखास ऐकू येतं, "इन्सुलिनची सुई घेतली की सवय लागते." बंधू-भगिनींनो, इन्सुलिन व्यसन नव्हे, आपल्याच शरीरात बनणारं प्रथिन आहे. मधुमेह बाबासाहेबांनाही होता, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जठरामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवून बारीक पिशव्यांत भरून ठेवतात, एकेका पेशीत हजारो. भाकरी खाल्ली, रक्तातली साखर वाढली, की या पिशव्या पेशीच्या आवरणाला चिकटून उघडतात आणि इन्सुलिन रक्तात उतरतं. पेशीतली ही वाहतूक उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१३ चं नोबेल मिळालं.

स्नायूंत तर साखर आत घेणारी दारंच पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात. काम झालं की पेशी त्यांना पुन्हा आत ओढते. चालल्यानेही ही दारं वर येतात, म्हणून तर आम्ही रोज चाला म्हणतो.

ज्या लेकराच्या बीटा पेशीच नष्ट झाल्या, त्याची सुई एक दिवसही बंद करू नका. गोळी चालत नाही, कारण प्रथिन पोटात डाळीसारखं पचून जातं. फ्रिज नसेल तर बाटली डबीत घालून, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा. बर्फात नको.